भंगारातून हायब्रिड मोटरसायकल: बागेतल्या चढासाठी गाडी कशी उभी करायची

आमची आंब्याची कलमं रत्नागिरीजवळच्या पावसच्या बाजूला उतारावर आहेत. खाली वहाळ म्हणजे ओढा, वर कातळाचा सडा आणि मध्ये जांभ्याची वळणावळणाची वाट. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याचे क्रेट खालून वर खळ्यापर्यंत आणायचे म्हणजे माणसांची मान मोडते. जुन्या स्प्लेंडरवर दोन क्रेट बांधून आणायचो, तर वळणावर थांबून पुन्हा उचलताना अर्धा क्लच धरावा लागे आणि एका हंगामात क्लच प्लेट जळून जात. म्हणून मागच्या चाकाला पेट्रोलचं इंजिन आणि पुढच्या चाकात विजेची हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी) अशी गाडी जुन्या पार्टमधून बनवली. पहिल्यांदा चुकलो, दुसऱ्यांदा जमलं. या कामात पडणाऱ्याला माझे वाया गेलेले महिने वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

1. आधी कायदा, मग पाना

ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम 182अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर चालवायचीच असेल तर मान्यताप्राप्त किट आणि आरटीओची परवानगी हा वेगळा मार्ग आहे. घरी बनवलेल्या गाडीला तो लागू होत नाही.

आपली गाडी गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत, स्वतःच्या जागेत चालणार. इथे बहुतेक जण फसतात. बागेतून जाणारी पाणंद किंवा पाखाडी वाडीतले सगळे वापरत असतील तर ती खासगी जागा होत नाही, मग सातबारा तुमच्या नावावर का असेना. दोन बागांच्या मध्ये डांबरी रस्ता आडवा येत असेल, तर गाडी टेम्पोत घालून पलीकडे न्या. तो पन्नास फुटांचा रस्ता इंजिन बंद करून ढकलत ओलांडणंही मी टाळतो.

2. कागद

भंगारातून पार्ट घेताना हे जमवा: चॅसी ज्या गाडीची आहे तिच्या आरसी बुकाची प्रत, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, चॅसी आणि इंजिन नंबर लिहिलेली सही-तारखेची पावती, आणि कर्ज फिटलेलं असल्याचा बँकेचा दाखला. इंजिन दुसऱ्या गाडीचं असेल तर त्याची पावती वेगळी. नंबर घासलेला दिसला, किंवा पंच केलेल्या आकड्यांची ओळ वाकडी दिसली, तर स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या) वाहन समन्वय सेवेत गाडी चोरीची नोंदलेली आहे का हे पाहता येतं.

गाडी तुमच्याच नावावरची असेल आणि ती पुन्हा रस्त्यावर येणार नसेल, तर कलम 55 प्रमाणे 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसी परत करायची असते. आमच्याकडे एमएच-08 ची जुनी गाडी होती. हे काम आधी उरकलं आणि मगच चॅसीला ग्राइंडर लावला. क्रम उलटा करू नका.

3. गाडी कशासाठी, ते आकड्यात मांडा

गाडी, माणूस आणि दोन क्रेट मिळून साधारण 250 किलो धरा. सहा फुटांत एक फूट वर जाणारा चढ असेल तर ओढायला लागणारा जोर सुमारे 410 न्यूटन. खडबडीत वाटेचा अडथळा धरून 480. म्हणजे पन्नास किलोचं ओझं सतत वर ओढल्यासारखं. ताशी 10 किलोमीटरने चढायचं तर 1,300 वॉटच्या वर ताकद लागते.

हे पाहून वाटतं की 1,500 वॉटची मोटर एकटी पुरेल. पुरत नाही. 18 इंची चाकात बसवलेल्या हब मोटरला अशा चढावर गिअरचा आधार नसतो. ती हळू फिरते, करंट भरपूर खाते आणि त्यातला मोठा भाग उष्णतेत जातो. दहा मिनिटांत वार्निश जळल्याचा वास येतो. उलट इंजिन चढात लागलं की व्यवस्थित ओढतं, पण शून्यातून उठताना अडखळतं. मोटर नेमकी शून्यातून उठतानाच जोर देते. म्हणून काम असं वाटून द्यायचं: उचलताना आणि वळणावर मोटर, सरळ चढात इंजिन, सपाटीवर दोघांपैकी कुणीही. पुढची सगळी निवड या वाटणीवर ठरते, त्यामुळे बाजारात जाण्याआधी तुमच्या वाटेची उंची आणि उतार मोजून घ्या. मोजायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि टेप पुरतो.

मोटर आणि इंजिन एकमेकांना कुठेच जोडलेले नाहीत. एक पुढचं चाक ओढतं, दुसरं मागचं ढकलतं, जोड जमिनीतून होते. घरगुती कामाला हीच रचना बरी. एकाच चेनवर दोघांना बसवायच्या नादाला लागू नका.

4. पार्ट शोधणं

मी घेतलं ते असं: 97.2 सीसीच्या स्प्लेंडरची चॅसी आणि इंजिन, त्याच बनावटीच्या डिस्कवाल्या गाडीचा पुढचा पूर्ण सेट, आरे लावता येतील अशी 48 व्होल्टची 1,500 वॉट हब मोटर, तेवढ्याच व्होल्टचा कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा), अंगठ्याचा थ्रॉटल, लिथियम आयर्न फॉस्फेट सेल, बीएमएस (बॅटरीचे सेल सांभाळणारं सर्किट), आणि 48 चे 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर.

पुढचा सेट म्हणजे टी (दोन्ही शॉकअप वरून धरून चॅसीत फिरणारा भाग), दोन्ही शॉकअप, कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि होज, सगळं एकाच गाडीचं. हब मोटर बसली की पुढचा ड्रम ब्रेक जातो, म्हणून डिस्क लागतेच. पाच ठिकाणचे पाच तुकडे आणलेत तर टीचे बेअरिंग कप चॅसीत बसणार नाहीत आणि तुम्ही टर्नरकडे खेपा घालत राहाल.

जुन्या बिननोंदणीच्या ई-स्कूटरच्या मोटरी भंगारात ढिगाने मिळतात. त्या 250 वॉटच्या आतल्या असतात आणि रिम लहान. आपल्या कामाच्या नाहीत. वापरलेली मोठी मोटर मिळाली तर ती तपासायची सोपी रीत आहे: तीन जाड वायरींपैकी कुठल्याही दोन एकत्र टेकवा आणि चाक हाताने फिरवा. चाक जड आणि अडखळत फिरलं पाहिजे. तिन्ही जोड्यांना तेवढंच जड लागलं तर गुंडाळी ठीक. काहीच न टेकवताही जड असेल तर मोटर आत जळलेली आहे.

पुरातल्या गाडीबद्दल वेगळं सांगतो. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा असंख्य गाड्या चिखलात बुडाल्या, आणि त्यांचे पार्ट पुढे कुठे कुठे पोचले असतील सांगता येत नाही. इंजिन वरून धुऊन चकचकीत केलेलं असतं. मॅग्नेटचं, म्हणजे इंजिनात वीज तयार करणाऱ्या भागाचं, झाकण उघडायला सांगा. आत कॉइलच्या मागे बारीक पिवळट गाळाची रेघ दिसली तर ते इंजिन तिथेच ठेवा. ऑइल टाकीचा नट सोडून दोन थेंब बोटावर घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी आत आहे.

5. पुढचं चाक आणि टॉर्क आर्म

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. माझी पहिली गाडी इथेच बिघडली.

हब मोटरचा एक्सल साध्या एक्सलसारखा सैल फिरून चालत नाही. चाक एका दिशेला ढकललं जातं तेव्हा एक्सल तेवढ्याच जोराने उलट फिरायला बघतो. त्याला धरून ठेवायला एक्सलच्या दोन बाजू सपाट केलेल्या असतात. त्यांवर खाचेने बसून एक्सलला फिरू न देणारी लोखंडी पट्टी म्हणजे टॉर्क आर्म. मी पहिल्यांदा 4 मिमी पत्र्याची एकच पट्टी, तीही एकाच बाजूला लावली होती. तिसऱ्या दिवशी वळणावर थ्रॉटल दिला आणि खटकन आवाज आला. गाडी आडवी घालून पाहिलं तर पट्टीची खाच उमलल्यासारखी उघडली होती, एक्सल अर्धा वेढा फिरला होता आणि त्यातून बाहेर येणाऱ्या वायरी पिळल्या जाऊन वरचं रबर कापलं गेलं होतं. आतलं तांबं उघडं पडून एकमेकांना टेकलं, आणि कंट्रोलर गेला. क्रेटमधले आंबे उतारावरून वहाळापर्यंत गेले. कुणाला लागलं नाही, पण तो आवाज अजून कानात आहे.

आता बरोबर रीत:

शॉकअपच्या खालच्या भोकाचं माप आणि मोटरच्या एक्सलचं माप व्हर्नियरने घ्या. मोटरचा एक्सल जाड असतो, त्यामुळे भोक वाढवावं लागतं. हे काम ड्रिल हातात धरून करायचं नाही. मिरजोळे किंवा खेर्डीच्या एमआयडीसीत लेथचं काम करणारा गाठा आणि दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत बोअर करून घ्या. बोअर केल्यावर भोकाभोवती 5 मिमीपेक्षा कमी धातू उरणार असेल तर तो शॉकअप नको, जाड तळाचा दुसरा शोधा.

एक्सलच्या टोकातून वायर बाहेर येते आणि भोक बंद गोल असतं, मग चाक बसणार कसं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. दोन्ही शॉकअप टीमधून सोडवून खाली काढा. वायरीचे कनेक्टर उतरवून वायर भोकातून ओवा. चाकाला दोन्ही बाजूंनी शॉकअप चढवा आणि तो सगळा जोड एकदम टीमध्ये वर सरकवून बोल्ट आवळा. दोन माणसं लागतात, एकट्याने नाद करू नका.

टॉर्क आर्म दोन्ही बाजूंना, 8 ते 10 मिमी लोखंडी प्लेटचे. खाच कानशीने इतकी नेमकी घासा की एक्सलवर हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसेल. सैल बसली तर प्लेट फेका. आर्मचं दुसरं टोक कॅलिपरच्या बोल्टला कधीच बांधायचं नाही, शॉकअपच्या नळीभोवती वेगळा क्लॅम्प करून त्याला बांधा. नट आवळून झाल्यावर नट आणि प्लेट या दोन्हींवर एक सरळ पांढरी रेघ मारून ठेवा. रोज सकाळी नुसतं वाकून पाहिलं तरी नट हलला का ते कळतं.

वायर एक्सलमधून निघाल्यावर आधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून टपकेल, मोटरमध्ये शिरणार नाही.

6. बॅटरी

लिथियमच्या प्रकारांत आयर्न फॉस्फेटच घ्या. वजन थोडं जास्त, पण आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उकाड्यात आणि बागेतल्या धक्क्यांत तो जास्त भरवशाचा. 16 सेल ओळीत जोडले की 51.2 व्होल्ट होतात, पूर्ण चार्जला 58.4. मी 30 अँपिअर-तास घेतले, म्हणजे सुमारे दीड युनिट वीज. मोटर फक्त उचलायला वापरत असल्याने एका चार्जवर दिवस निघतो. एकूण खर्चातला जवळपास अर्धा पैसा इथेच जातो.

वापरलेले सेल घेणार असाल तर सगळे पूर्ण चार्ज करून तीन आठवडे नुसते ठेवून द्या आणि मग व्होल्टेज मोजा. जो सेल बाकीच्यांपेक्षा खाली गेला असेल तो बाजूला काढा. घाई केली तर एक आजारी सेल पंधरांना घेऊन बसतो.

बॅटरी कुठे ठेवायची हे चढावरच्या गाडीत फार महत्त्वाचं आहे. चढताना वजन मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि मोटर नुसतं चाक फिरवत खडी उडवते. म्हणून बॅटरी पुढे हवी. पण इंजिनाच्या बरोबर समोर डबा लावला तर हवा अडते, आणि हे इंजिन हवेवरच थंड होतं. मी लेग गार्डच्या जागी डावीकडे आठ आणि उजवीकडे आठ सेलचे दोन डबे केले, मधली जागा मोकळी ठेवली. डबे दोन असले तरी बीएमएस एकच, सोळा सेलचा. दोन वेगवेगळे आठ-आठचे बीएमएस ओळीत जोडू नका. एक बंद पडला की त्याच्यावर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त व्होल्टेज येतं आणि तो जळतो.

पेट्रोलच्या टाकीखाली किंवा टाकीच्या नळाजवळ बॅटरीचा एकही जोड येता कामा नये.

7. वायरिंग

हत्यारं: मल्टीमीटर, क्रिंपिंगचा (वायरीच्या टोकावर टोपी दाबून बसवायचा) मोठा पाना, चांगली सोल्डर गन, हीट श्रिंक नळी (तापवली की आकसून जोडावर घट्ट बसणारी), रबरी हातमोजे, आणि हातातली अंगठी-कडं काढून ठेवायला एक डबी. 50 व्होल्टचा झटका बसण्यापेक्षा अंगठीतून शॉर्ट होऊन बोट भाजण्याची भीती मोठी.

बॅटरीच्या प्लसपासून एक वीतभर अंतरात 50 अँपिअरचा डीसी फ्यूज. त्यानंतर मेन स्विच. घरातल्या बोर्डावरची एमसीबी इथे लावू नका, ती एसीची असते. डीसीची ठिणगी तिला तोडता येत नाही, आतल्या आत वितळते. जाड वायर 10 चौरस मिमी तांब्याची. कंट्रोलरची मर्यादा 30 अँपिअरवर ठेवा, म्हणजे मोटर आणि सेल दोघेही सुखात राहतात.

मेन स्विच टाकताना कंट्रोलरचे कॅपॅसिटर एकदम भरतात आणि मोठी ठिणगी पडते. स्विचला समांतर एक छोटं बटण आणि 100 ओहमचा 10 वॉटचा रेझिस्टर लावा. आधी बटण दोन-तीन सेकंद दाबा, मग मेन स्विच टाका.

मोटरच्या तीन जाड आणि पाच बारीक वायरी रंगाला रंग जोडल्या तरी जुळतीलच असं नाही. चाक अधांतरी ठेवून हळू थ्रॉटल द्या. चाक थरथरलं, घुरघुरलं किंवा रिकामं फिरतानाच करंट जास्त गेला तर जोड चुकलाय. बऱ्याच कंट्रोलरना स्वतः जोड ओळखायच्या दोन वायरी असतात. त्या टेकवल्या की चाक आपोआप फिरून जोड बसवतं, मग त्या सोडायच्या.

हँडलवर लाल गोल बटणाचा स्विच हवाच. त्यात दोन जोड्यांचा घ्या: एक जोडी कंट्रोलरची लॉकची बारीक वायर तोडते, दुसरी सीडीआयची (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या डब्याची) वायर बॉडीला टेकवून इंजिन बंद करते. दोन ताकदीच्या गाडीत एकच बंद झाली तर दुसरी ओढतच राहते. तसंच दोन्ही ब्रेकचे स्विच कंट्रोलरला जोडा, ब्रेक धरला की मोटर तत्काळ सुटली पाहिजे.

आणि खारा वारा. समुद्रापासून दोन मैलांवरच्या घरातही एका पावसाळ्यात उघडा तांब्याचा जोड हिरवा होतो. प्रत्येक क्रिंप सोल्डरने बंद करा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक लावा, कनेक्टरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरा. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेतलेत तर ॲल्युमिनियमला टेकतात तिथेही ग्रीस लावा, नाहीतर दोन वर्षांनी पांढरी भुकटी होऊन ते निघत नाहीत. टॉर्क आर्मचे आणि एक्सलचे नट मात्र स्टेनलेसचे नकोत, कडक लोखंडी घ्या आणि रंग द्या.

8. इंजिनाकडून काय अपेक्षा ठेवायची

इंजिनाचं काम फार नाही. मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) जास्त दातांचं घाला, वेग कमी होतो आणि ओढ वाढते. क्लच प्लेट आणि ऑइल नवं.

बरेच जण विचारतात की इंजिनाने बॅटरी चार्ज होईल का. इंजिनाचा मॅग्नेट लाइट आणि छोट्या बॅटरीपुरताच असतो, त्याच्याकडून 48 व्होल्टची मोठी बॅटरी भरत नाही. रिकामी गाडी उतरताना मात्र कंट्रोलरचा रिजनरेशन (फिरत्या चाकातून वीज बॅटरीत परत घेणं) चालू ठेवा. थोडी वीज परत येते, त्यापेक्षा मोठा फायदा म्हणजे उतारावर ब्रेक तापत नाहीत. सपाटीवर इंजिनाने पळवून पुढच्या चाकातून चार्ज करणं म्हणजे पेट्रोल जाळून महाग वीज बनवणं. घरी प्लगला लावा.

9. पहिली फेरी

पहिली फेरी सपाट खळ्यात, रिकामी, फक्त मोटरवर. दुसरी फक्त इंजिनावर. तिसरी दोघांवर. लाल बटण प्रत्येक वेळी चालत्या गाडीवर दाबून पाहा. मग चढावर एक रिकामा क्रेट, मग एक भरलेला. क्रेटमध्ये वीसेक किलो आंबा बसतो. कॅरिअर जितका खाली आणि पुढे येईल तितका आणा.

उचलताना आधी पहिला गिअर, क्लच सोडायला लागताना डाव्या अंगठ्याने मोटर थोडी, आणि गाडी हलली की अंगठा हळूहळू सोडा. पहिल्या दिवशी अंगठा पूर्ण दाबायची सवय लागते. मोटरला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर पंधरा मिनिटं सावलीत उभी करा. तापलेली मोटर लगेच पाण्याने धुवायची नाही. आतली हवा थंड होऊन आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. तापलेल्या बॅटरीलाही लगेच चार्जर लावू नका, तासभर थांबा.

10. पावसाळ्यात

आंबा उतरला की गाडीला काम नसतं. बॅटरीचे डबे उतरवा, प्रत्येक सेल 3.3 व्होल्टच्या आसपास असेल असं बघून घरात कोरड्या जागी ठेवा. पूर्ण भरून ठेवू नका आणि बीएमएस जोडलेला ठेवून चार महिने विसरूही नका, तो थोडी थोडी वीज खात राहतो. टाकी रिकामी करा, कार्बोरेटरचं पेट्रोल काढा. गाडी मांगरात (बागेतल्या खोपटात) फळीवर उभी करा, पुढचं चाक जमिनीपासून उचललेलं. डब्यांची तोंडं उंदरापासून जपा, वायरीचं रबर त्यांना फार आवडतं.

गणपतीच्या आधी एकदा सेल मोजा. दिवाळीनंतर टॉर्क आर्मचे नट सोडा, खाच पाहा, एक्सलच्या सपाट बाजूवर चमकदार घासलेला पट्टा दिसतो का ते पाहा. दिसला तर प्लेट हलते आहे. नवी घासून बसवा, मगच बॅटरी जोडा.